पाच चकत्या, सहा खटके

आरतीला सातव्या महिन्यात माहेरी पोचवून सुदर्शनला तीन आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत त्याने चार वेळा दूध उतू घालवलं, दोनदा खोलीला कुलूप न लावताच शाळेत गेला आणि एकदा भर दुपारी सायकल शाळेच्या फाटकावर नेऊन आदळली. दुधाचं आणि कुलपाचं कुणाला कळलं नाही. सायकलीचं मात्र पुढे दोन तालुक्यांना कळलं.

सुदर्शन मूळचा राजुरीचा. जुन्नरच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला आणि बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिला. लग्नाला पुरतं दीड वर्ष झालेलं. भिंतीवरच्या आरशाच्या कोपऱ्यात आरतीने जाताना एक टिकली चिकटवून ठेवली होती. दाढी करताना ती नेमकी सुदर्शनच्या कपाळावर यायची. मग तो जरा बाजूला सरकून, मान वाकडी करून दाढी करायचा, आणि रोज गालाला कुठेतरी ब्लेड लागायचं. पण टिकली काढावी असं काही त्याच्या मनात आलं नाही.

सायकल लग्नातली होती. जावयाला मोटारसायकल द्यायची पद्धत तेव्हा हळूहळू पडत चालली होती. सुदर्शनने "मला काही नको" असं स्पष्ट सांगितलं, आणि सासरे रखमाजी यांना ते भलतंच लागलं. काही नको म्हणजे काय? आपण काय रस्त्यावर पडलोय? त्यांनी तडक पुण्याला जाऊन पाच गिअरची सायकल आणली आणि मांडवाच्या दारात तिच्यापुढे नारळ फोडला. घोडेगावच्या आसपास गिअरची सायकल त्या काळी नवलाचीच होती. अर्ध्या वऱ्हाडाने नवरीला बघायच्या आधी सायकल बघितली.

तर फाटकावर आदळून त्या सायकलीचा हँडलवरचा गिअरचा खटका मोडला, आणि सुदर्शन ती घेऊन गेणभाऊच्या दुकानात गेला. गेणभाऊ जुन्नरमधला जुना सायकल मिस्त्री. त्याने मोडका खटका हातात घेऊन उलटसुलट केला आणि मान हलवली.

"ह्या कंपनीचा माल जुन्नरला मिळत न्हाई, सुदर्शनभाऊ. पुण्यावरनं मागवायचा तर महिना जाईल. माझ्याकडं दुसऱ्या कंपनीचा एक हाय, भंगारातल्या सायकलीचा. बसवू?"

"चालेल का पण?"

"चालायचं काय, पळंल. फक्त एक हाय. तुमच्या मागच्या चाकाला चकत्या पाच, आन ह्याला खटके सहा."

"मग सहावा खटका कशाला?"

"आता त्ये ज्यानं बनवला त्याला म्हाईत. तुमी पाचावर समाधान माना."

पण भानगड फक्त सहाव्या खटक्याची नव्हती. एका खटक्याला वायर किती ओढायची, हे ज्या त्या कंपनीने आपापल्या मनाशी ठरवलेलं असतं. हा खटका वायर जास्त ओढायचा. पहिल्या आणि दुसऱ्या खटक्याला चेन सरळ चालायची. तिसऱ्याला ती दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळत खडखड करायची. आणि तिसऱ्यावरून एकदम पाचव्यावर नेलं, की खाली उतरून मोकळी लोंबायची. सुदर्शनने हे दोन दिवस सोसलं. तक्रार करायला जायचा कंटाळा म्हणा, नाहीतर त्याचं हल्ली कशातच लक्ष नव्हतं म्हणा.

त्याच आठवड्यात शाळेतून घोडेगावच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची कागदपत्रं पोचवायची निघाली. मुख्याध्यापकांनी "कोण जाईल..." एवढं म्हणेपर्यंत सुदर्शनचा हात वर गेला होता.

"एस्टीनं जा सकाळच्या."

"सायकलनं जातो, सर. तेवढाच व्यायाम."

घोडेगावला मधल्या रस्त्याने जाताना एक खिंड चढावी लागते. खिंडीच्या पलीकडे लांब उतार, आणि उतार संपतो तिथे, फाट्याला लागूनच, रखमाजींचं घर. सुदर्शनला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण घर रस्त्यावर असलं म्हणून काय झालं? बाळंतपणाला धाडलेल्या बायकोच्या दारात जावयाला असं उठून जाता येत नाही. तो जातो तो बारशाला, टोपी-टॉवेलाच्या मानाने. त्याआधी गेलाच तर त्याला कारण लागतं, आणि बायकोची आठवण येते हे कारण कुणी धरत नाही. उलट असा जावई आठ-पंधरा दिवस गावच्या पारावर गप्पांना पुरतो. तेव्हा घरावरून जाताना फक्त हळू जायचं आणि जमलं तर अंगणात बघायचं, एवढाच सुदर्शनचा बेत होता.

तो उतार उतरला. अंगण दिसायला लागलं. दोरीवर आरतीचं हिरवं लुगडं वाळत होतं, ते दिसल्यावर त्याचं खटक्यावरचं भान सुटलं आणि तिसऱ्यावरून हात पाचव्यावर गेला. चेन उतरली, आत अडकली, आणि सायकल बरोबर रखमाजींच्या फाटकासमोर ठप्प झाली.

"अगं बाई, पावणं!" सासूबाई साळुबाई ओट्यावरून ओरडल्या. "या की! सायकल पडली व्हय?"

"पडली न्हाई, मामी. चेन उतरली. मी घोडेगावला चाललो होतो, शाळेच्या कामाला..."

"काम पळून जातंय का? या आत!"

पाण्याचा तांब्या घेऊन आरती बाहेर आली. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. आईबापांच्या समोर ती काय बोलणार आणि हा तरी काय बोलणार?

"बरं हाय ना?" तिने विचारलं.

"बरंय. तू?"

"बरी हाय."

एवढंच. पण परतीच्या खिंडीत सुदर्शनने ते पाच-सहा शब्द इतक्या वेळा मनात घोळवले, की चढ कधी संपला ते त्याला समजलं नाही. 'बरी हाय' म्हणताना तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. हे ती दोनच वेळा करते, खोटं बोलताना आणि रडू आवरताना.

जुन्नरला पोचल्यावर गेणभाऊने सायकलीची खडखड लांबूनच ऐकली.

"सुदर्शनभाऊ, खटका नीट बसला न्हाई वाटतं. आणा, वायर ढिली करून देतो."

"नको!"

"नको? आवो, चेन उतरंल रस्त्यात."

"उतरू द्या. तिसऱ्यावरून पाचव्यावर नेलं की हमखास उतरते ना?"

"हमखास!"

"मग राहू द्या तशीच."

तीस वर्षांत गेणभाऊला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. "आवो, पण लोक माझ्या दुकानाला नाव ठेवतील," तो कळवळून म्हणाला. सुदर्शन हसला आणि नको असलेल्या दुरुस्तीबद्दल त्याचे आभार मानून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो पहाटेच निघाला. खिंड चढला, उतार उतरला, आणि फाटकाच्या बरोबर दहा हात अलीकडे तिसऱ्यावरून पाचव्यावर गेला. चेन शब्दाला जागली. सुदर्शन कपाळावर आठ्या आणून खाली उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "छ्या! आजपण!"

मात्र हिशोबात एक माणूस राहून गेला होता, तो म्हणजे रखमाजी. जावई दारात आला याचं त्यांना काही वाटलं नाही. पण आपण नारळ फोडून दिलेली सायकल आपल्याच दारात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा बंद पडली, हे त्यांना सोसेना. त्यांनी गावातल्या भिकाला बोलावणं धाडलं. भिका विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने सायकलीला एक प्रदक्षिणा घातली.

"दाजी," तो रखमाजींना म्हणाला, "खटका येगळ्याच कंपनीचा दिसतोय."

"ऐकलं का, सुदर्शनराव?" रखमाजी लगेच उसळले. "म्हंजे आमी दिलेल्यात खोट न्हाई. भिका, काय लागंल त्ये आण. मंचरला जा."

भिका मंचरला गेला आणि चेन इकडून तिकडे ढकलणारा मागचा हात घेऊन आला. तो तिसऱ्याच कंपनीचा निघाला. दुकानदाराने आग्रह केला म्हणून सोबत चेनही नवी आणली, ती चौथ्या कंपनीची. आता खटका एकीचा, हात दुसरीचा, चेन तिसरीची, आणि चकत्या तेवढ्या लग्नातल्या उरल्या. भिकाने हे सगळं हातोडीने एकमेकांत बसवलं. या खटपटीत दुपार झाली, जेवण झालं, आणि पाटावर बसलेल्या सुदर्शनला आरतीने दोनदा भाकरी वाढली. दुसऱ्यांदा वाढताना तिच्या बांगड्या त्याच्या ताटाला लागल्या. त्याला ती भाकरी संपवू नये असं वाटलं.

चार वाजता सगळे फाटकाशी उभे राहिले आणि सुदर्शन निघाला. दोनशे पावलांवर चढ सुरू होतो. चढाला सगळ्यात हलका गिअर लागतो, म्हणजे चेन मोठ्या चकतीवर न्यावी लागते. त्याने खटका ओढला, चेन मोठ्या चकतीवर गेली, तिथे थांबायचं सोडून पलीकडे उडी मारून चाकाच्या तारांमध्ये शिरली आणि मागचं चाक जागीच जाम झालं. हा बिघाड त्याने केलेला नव्हता. सायकल ढकलत तो परत आला आणि त्याला मुक्काम करावा लागला.

"चार कंपन्या एका जागी आल्यावर दुसरं काय व्हनार?" सकाळी चेन सोडवताना भिका म्हणाला. हातोडी त्याचीच होती, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

रखमाजींना रात्रभर झोप लागली नव्हती. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी निकाल दिला. "ही भेसळच मोडून टाकायची. मी पुण्याला जातो आन खटक्यापास्नं चकतीपातुर समदं एकाच कंपनीचं आणतो. बघू मग कशी बिघडती!"

"कशाला, मामा? राहू द्या," सुदर्शन काकुळतीला येऊन म्हणाला.

"राहू द्या कसं? तुमी लई भिडस्त. त्रास व्हतोय तरी बोलत न्हाई."

मंगळवारी रखमाजी पुण्याला गेले, आणि गुरुवारी एस्टीच्या कंडक्टरबरोबर एक खोकं गेणभाऊच्या दुकानात येऊन पडलं. खटका, वायर, हात, चेन, चकत्या, सगळं एका कंपनीचं. गेणभाऊने ते इतक्या प्रेमाने बसवलं, की सायकल उभी करून नुसतं पायडल फिरवत तो घटकाभर आवाज ऐकत बसला. आवाज येतच नव्हता.

"आता तिसऱ्यावरनं पाचव्यावर न्या, न्हाईतर पैल्यावर न्या," तो म्हणाला. "उतरायचं नाव न्हाई घ्यायची."

सुदर्शनने नेऊन बघितलं. चेन गुमान जायची आणि गुमान थांबायची. त्या दिवशी खोलीवर येऊन त्याने आरशातल्या टिकलीकडे बघितलं आणि त्याला वाटलं, आता गाठ थेट बारशाला. दोन महिने! तोवर हिचा आवाज ऐकायचा नाही, भाकरी वाढताना वाजणाऱ्या बांगड्या ऐकायच्या नाहीत. आधी कधी भेटलोच नसतो तर तीन महिने तीन दिवसांसारखे गेले असते, पण आता दोनदा भेटून बसल्यामुळे जीव जास्तच ओढत होता.

तरी रविवारी तो गेलाच. फाटकाच्या अलीकडे त्याने खटक्यांची उलटसुलट मारामारी केली. चेन प्रत्येक वेळी शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसली. आरती दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने बघितलं, हातातला पिळा तसाच राहिला. आणि सुदर्शन, थांबायला काहीच कारण नाही म्हणून, सायकलीचा वेग तसाच ठेवून तिच्या समोरून निघून गेला. स्वतःच्या बायकोच्या दारावरून असं अनोळखी माणसासारखं जाताना त्याने मागे वळूनही बघितलं नाही. घोडेगावच्या स्टँडवर त्याने एक कप चहा घेतला, तो संपवलाही नाही, आणि परत फिरला.

येताना रखमाजी रस्त्याकडेच्या वाफ्यात कांद्याला पाणी देत होते. त्यांनी हात वर केला.

"काय सुदर्शनराव, कशी हाय सायकल?"

"झकास, मामा," सुदर्शन रडवेला होऊन म्हणाला.

"मग? म्हनलं न्हवतं का! या, या, च्या घ्या. साळू, बघ गं, पावण्यांची सायकल कशी पान्यावानी चाललीय!"

सायकल बिघडली नाही म्हणून चहा मिळाला, हे सुदर्शनला अजब वाटलं. रखमाजींनी शेजाऱ्यांना बोलावून सायकल दाखवली. चहा झाला, जेवण झालं. चार वाजता तो निघाला, दोनशे पावलं गेला, चढाला हलका गिअर टाकला, आणि चेन मोठ्या चकतीवरून उडून पुन्हा तारांमध्ये शिरली.

रखमाजी सायकलीसमोर उकिडवे बसले. बराच वेळ बसले. एकदा सायकलीकडे बघितलं, एकदा घरात बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंपनीला एक शब्दही बोल लावला नाही. "असू द्या," एवढंच म्हणाले आणि खोरं घेऊन वाफ्याकडे गेले.

गेणभाऊचा मात्र जीव जायची वेळ आली. "मी सोता बसवलंय! एक कंपनी!" तो कपाळ बडवत म्हणाला आणि सायकल उलटी टांगून बसला. मागच्या हाताला एक बारका स्क्रू असतो. चेनने आत कुठवर जायचं, त्याची हद्द तो स्क्रू बांधून देतो. गेणभाऊने त्याच्यावर बॅटरी मारली.

"सुदर्शनभाऊ, हा स्क्रू कुणीतरी ढिला केलाय. तीन आटे."

"धक्क्याने झाला असेल."

"धक्क्यानं स्क्रूच्या खाचेत ह्ये येतं व्हय?" त्याने चिमट्याने खाचेतून काहीतरी काढून सुदर्शनच्या तळहातावर ठेवलं. काळ्या तारेचा नखाएवढा तुकडा होता. बायका अंबाड्यात खोवतात त्या आकड्याचं मोडलेलं टोक.

सुदर्शन त्या तुकड्याकडे बघत राहिला. येताना सायकल त्याची त्याने बंद पाडली होती. जाताना दोन्ही वेळा ती कुणी बंद पाडली, हे आता त्याला दिसलं. आपण एकटेच झुरतोय असं समजून त्याने इतके दिवस काढले होते, आणि तिकडे ती, आठव्या महिन्यात, गोठ्याच्या आडोशाला सायकलीपाशी बसून केसातल्या आकड्याने स्क्रू फिरवत होती. हसू यायच्या ऐवजी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसरा स्क्रू टाकू का? घट्ट?" गेणभाऊने विचारलं.

"नको. हाच आवळा, पण फार आवळू नका," सुदर्शन म्हणाला. गेणभाऊने वर बघितलं आणि हसत पेचकस हातात घेतला.

पुढच्या रविवारी त्याने कारण शोधलंच नाही. सरळ फाटकाशी उतरला, सायकल चिंचेला टेकवली आणि आत गेला. साळुबाई चुलीशी होत्या. आरती पाणी घेऊन आली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी तिच्या हातात दिली.

"काय हाय?"

"आकडे. तुझा एक मोडला ना."

ती लाल झाली. आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, मग सोडून दिलं.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"गेणभाऊच्या चिमट्याने."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आता न्हाई व्हायचं माझ्याच्यानं," ती हळूच म्हणाली. "खाली बसवत न्हाई. गेल्या टायमाला उठताना खांब धरावा लागला."

"मग?"

"मग काय! तुमीच शिका की."

चार वाजता तो निघाला. फाटकाशी ती उभी होती, एक हात कमरेवर ठेवून. तो चढापाशी पोचला, वळणावरच्या लिंबाच्या आड उतरला आणि खिशातून एक आकडा काढला. पुडीतला एक त्याने आधीच काढून ठेवला होता. उकिडवा बसून त्याने टोक खाचेत घातलं आणि जोर लावला. स्क्रू हलेना. पुन्हा जोर लावला. आकडा वाकला.

"डावीकडं, सुदर्शनराव."

त्याने दचकून वर बघितलं. बांधावर खांद्यावर खोरं घेऊन रखमाजी उभे होते.

"उजवीकडं फिरवलं की घट्ट व्हतंय," ते शांतपणे म्हणाले. "पोरगी डावीकडं फिरवती."

सुदर्शनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हातातला आकडा कुठे लपवावा हे त्याला कळेना. रखमाजींनी तोंड फिरवलं आणि खोऱ्याने वाफ्याचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं.

"मला काय दिसलं न्हाई," ते वाफ्याकडे बघत म्हणाले. "मी आपला कांद्याला पानी देतोय."

मग त्यांनी घराच्या दिशेने तोंड करून, पार फाट्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "साळू, भाकऱ्या वाढव गं! पावण्यांची सायकल पुन्यांदा बिघडली!"

चेन अजून चकतीवर जागच्या जागी होती.